आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि चक्कर: तोल का जातो, काय करावे?

“ऑपरेशन चांगले झाले, गाठ निघाली, पण उठले की चक्कर येते.” मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांकडून ही तक्रार नेहमी ऐकू येते. घरचे म्हणतात, एवढे मोठे ऑपरेशन झाले, अशक्तपणा राहणारच. मग गावातल्या दवाखान्यात एक सलाईन लागते, टॉनिक येते आणि चक्करची गोळी सुरू होते. दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी रुग्ण मोरीत पडतो.

चक्कर हा आजार नाही, ते लक्षण आहे. आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णात त्यामागे आठ-दहा वेगवेगळी कारणे असू शकतात आणि त्यांतली बहुतेक शोधता येतात, दुरुस्त करता येतात. काही मात्र जिवावर बेतणारी असतात. म्हणून “अशक्तपणा आहे” हे उत्तर तपासणीच्या शेवटी यावे, सुरुवातीला नको. शस्त्रक्रियेपूर्वी, वॉर्डात, घरी आल्यावर आणि केमोथेरपीनंतर तोल का बिघडतो आणि प्रत्येक टप्प्यावर तुम्ही काय करावे, हे या लेखात पाहू.

आधी नेमका शब्द पकडा

आपण सगळ्यालाच “चक्कर” म्हणतो. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी नेमके काय होते ते ठरवा. निम्मे निदान तिथेच होते.

- डोळ्यांपुढे अंधारी येणे: उठून उभे राहिल्यावर येते, बसले किंवा आडवे झाले की थांबते. बहुतेक वेळा रक्तदाब उतरणे, शरीरातील पाणी-मीठ कमी होणे किंवा रक्त कमी असणे ही कारणे असतात.
- गरगरणे: घर फिरते आहे असे वाटते, मळमळते. कूस बदलताना किंवा मान वर करताना होत असेल तर कारण बहुधा आतल्या कानात असते.
- तोल जाणे: डोके हलके वाटत नाही, पण पाय नीट पडत नाहीत. अंधारात किंवा डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना झोक जातो. पायांच्या नसा, जीवनसत्त्व बी-12 किंवा कानातील तोलाचे इंद्रिय तपासावे लागते.
- शुद्ध हरपणे: क्षणभर का होईना, भान जाते. हे नेहमी तातडीचे समजावे.

शरीराचा तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर चालतो: डोळे, आतला कान आणि तळपायाच्या व सांध्यांच्या नसा. मेंदू ही माहिती जुळवून स्नायूंना हुकूम देतो. एक बाजू कमी पडली तर बाकीच्या दोन सांभाळून घेतात. म्हणूनच पाय बधिर झालेला माणूस दिवसा ठीक चालतो आणि रात्री लाईट गेली की पडतो.

शस्त्रक्रियेच्या आधी: चक्कर हीच पहिली खूण असू शकते

मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील गाठ बराच काळ गप्प राहते. तिथे आतडे रुंद असते आणि मळ पातळ असतो, त्यामुळे शौचाला अडथळा लवकर येत नाही. गाठीतून रोज थोडे थोडे रक्त झिरपते. ते मळात मिसळून जाते, डोळ्यांना दिसत नाही. महिनोन् महिने असे चालले की शरीरातील लोह संपते, हिमोग्लोबिन उतरते आणि माणसाला दम लागतो, चक्कर येते.

समजा, यावल तालुक्यातील 68 वर्षांच्या एका शेतकऱ्याचे हिमोग्लोबिन 8 आले. त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी ते 10 झाले, बरे वाटू लागले, गोळ्या थांबल्या. चार महिन्यांनी पुन्हा 8. इथे चूक गोळ्या देण्यात नाही. रक्त गेले कुठे, हे न विचारण्यात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन 13 पेक्षा आणि गर्भवती नसलेल्या स्त्रीचे 12 पेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. पन्नाशीपुढच्या पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय आढळला, तर जठराची एन्डोस्कोपी आणि मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी यांचा विचार व्हायलाच हवा. शौचातून रक्त जाते म्हणजे मूळव्याधच, असेही गृहीत धरू नका. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

खान्देशात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आजार आढळतो. अशा कुटुंबातील माणसाचे रक्त कमी आले की “सिकलसेलमुळे असेल” म्हणून विषय संपतो. फेरिटिन या साध्या रक्तचाचणीने शरीरातील लोहाचा साठा कळतो. लोह कमी असेल तर सिकलसेल असूनही रक्तस्रावाचे कारण शोधावे लागते.

एक सूचना: लोहाच्या गोळ्यांनी शौच काळसर होते. त्यामुळे गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. पण डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच होत असेल तर गोळ्यांना दोष न देता लगेच दाखवा.

तोल आणि शस्त्रक्रियेचा निकाल: संशोधन काय सांगते?

शस्त्रक्रियेपूर्वी आपण ईसीजी काढतो, साखर तपासतो, छातीचा एक्स-रे पाहतो. रुग्ण खुर्चीतून उठून चालतो कसा, हे मात्र फार थोड्या ठिकाणी मोजले जाते. हे मोजणे किती महत्त्वाचे आहे ते अमेरिकेतील कोलोराडो येथील शल्यचिकित्सकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन अभ्यासांतून दिसते. दोन्ही अभ्यास 65 वर्षांवरील रुग्णांचे होते. त्यांची मोठ्या आतड्याची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया ठरलेली होती.

पहिल्या अभ्यासात रुग्णांना खुर्चीतून उठून 3 मीटर चालून परत येऊन बसायला सांगितले आणि वेळ मोजली. आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या गटात 98 रुग्ण होते. 10 सेकंदांत चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी 13 टक्क्यांना पुढे गुंतागुंत झाली. 11 ते 14 सेकंद लागणाऱ्यांत हे प्रमाण 29 टक्के होते. 15 किंवा अधिक सेकंद लागणाऱ्यांत ते 77 टक्के होते.

दुसऱ्या अभ्यासात एकच प्रश्न विचारला: गेल्या सहा महिन्यांत तुम्ही पडलात का? आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपैकी “हो” म्हणणाऱ्यांत 59 टक्के, तर “नाही” म्हणणाऱ्यांत 25 टक्के जणांना गुंतागुंत झाली.

याचा अर्थ पडल्यामुळे ऑपरेशन बिघडते असा नाही. पडणे आणि सावकाश चालणे ही शरीराची राखीव ताकद कमी झाल्याची खूण आहे. स्नायू, हृदय, नसा, पोषण या सगळ्यांचा हिशेब त्या 3 मीटरांत दिसतो. हे अभ्यास लहान होते, त्यामुळे त्यातील टक्केवारी तुमच्या बाबतीत जशीच्या तशी लागू करू नका. “15 सेकंद लागले म्हणजे ऑपरेशन करायचे नाही” असाही अर्थ काढू नका. कर्करोगाची गाठ काढणे बहुधा गरजेचेच असते. प्रश्न असतो तो तयारीचा.

घरी करून पाहा

हाताच्या दांड्या असलेली मजबूत खुर्ची घ्या. तिच्यापासून 3 मीटर अंतरावर जमिनीवर खूण करा. रोजची चप्पल घालून, रोज काठी वापरत असाल तर काठी घेऊन, नेहमीच्या चालीने उठा, खुणेपर्यंत जा, वळा, परत येऊन बसा. घरातील दुसऱ्या माणसाने मोबाईलवर वेळ मोजावी आणि रुग्णाच्या अगदी जवळ राहावे. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. हा आकडा कागदावर लिहून सर्जन आणि भूलतज्ज्ञांना दाखवा. सहा महिन्यांत पडला असाल तर तेही सांगा, कोणी विचारले नाही तरी.

शस्त्रक्रियेपूर्वीचे दिवस वाया घालवू नका

तपासण्या, योजनेची मंजुरी, तारीख मिळणे यात काही आठवडे जातातच. त्या काळात रुग्णाला “आराम कर” सांगून खाटेवर ठेवले जाते. हेच उलटे आहे.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आतड्याच्या कर्करोगाच्या 251 रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मानसिक आधार आणि गरजेप्रमाणे धूम्रपान सोडण्यासाठी मदत दिली. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण तयारी केलेल्या गटात 17 टक्के, तर दुसऱ्या गटात जवळपास 30 टक्के होते.

आपल्याकडे तसा पूर्ण कार्यक्रम सगळीकडे मिळणार नाही. पण डॉक्टरांना विचारून एवढे नक्की करता येते:

- सकाळ-संध्याकाळ झेपेल तेवढे चालणे, रोज थोडे वाढवत.
- खुर्चीतून उठबस, एका वेळी आठ-दहा, दिवसातून दोन-तीनदा.
- प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य, दूध-दही-ताक, चालत असल्यास अंडी. आतड्यात अडथळा असेल तर आहार सर्जन सांगतील तसाच.
- तंबाखू, बिडी, मिश्री पूर्ण बंद.
- हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आताच सुधारून घेणे. वेळ कमी असल्यास शिरेतून लोह देता येते.

पोट फुगणे, उलट्या, गॅस आणि शौच दोन्ही बंद होणे, ही आतडे अडल्याची लक्षणे आहेत. ती असतील तर तयारीचा विचार सोडा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

वॉर्डात पहिल्यांदा उठताना

पूर्वी पोटाच्या ऑपरेशननंतर रुग्णाला कित्येक दिवस झोपवून ठेवत. 1990 च्या दशकात डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी हा विचार बदलला. लवकर खाणे, कमी वेदना आणि लवकर चालणे यांमुळे रुग्ण लवकर बरा होतो, हे त्यांनी आतड्याच्या शस्त्रक्रियेत दाखवून दिले. आज बऱ्याच ठिकाणी रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवतात. झोपून राहिले तर स्नायू झिजतात, फुप्फुसात कफ साठतो आणि पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

पण पहिल्या उठण्याच्या वेळी अंधारी येणे सामान्य आहे. भूल, वेदनाशामके, कमी झालेले रक्त आणि द्रव यांमुळे उभे राहिल्यावर रक्तदाब सांभाळला जात नाही. म्हणून तीन टप्प्यांत उठा. आधी कुशीवर वळा आणि हाताच्या आधाराने बसा. मग पाय खाली सोडून दोन मिनिटे बसा, पायाचे पंजे वर-खाली हलवा. नंतर कोणाचा तरी हात धरून उभे राहा आणि लगेच चालू नका. एकट्याने संडासला जाऊ नका. पहिले पडणे बहुधा तिथेच होते.

झोपलेले असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजला आणि वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर त्याला उभे राहिल्यावर रक्तदाब घसरणे म्हणतात. ही तपासणी कोणत्याही दवाखान्यात होते, तिला यंत्र लागते ते फक्त बीपीचे. घरी गेल्यावर चक्कर आली तर “बसून आणि उभे राहून, दोन्ही बीपी घ्या” असे तुम्ही स्वतः सांगा.

स्टोमा आणि खान्देशचा उन्हाळा

गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ काढल्यावर सांधा भरून येईपर्यंत लहान आतड्याचे तोंड तात्पुरते पोटावर आणतात. त्याला इलिओस्टॉमी म्हणतात. एरवी मोठे आतडे पाणी आणि मीठ शोषून घेते. इलिओस्टॉमीत ते टप्प्याबाहेर जाते, त्यामुळे पिशवीतून पाण्याबरोबर बरेच सोडियम निघून जाते. अशा रुग्णाला पुन्हा भरती करावे लागण्याचे एक मुख्य कारण म्हणजे पाणी-मीठ कमी होणे आणि त्यातून मूत्रपिंडाला इजा होणे. याचे पहिले लक्षण असते उठल्यावर अंधारी. मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळे येथे पारा 42 ते 45 अंशांवर जातो. घामातून जाणारे मीठ त्यात मिळवा, म्हणजे धोका कळेल.

काय करावे?

- पिशवी रिकामी करताना मापाच्या मगमध्ये मोजा आणि वहीत लिहा. दिवसाचा आकडा दीड लिटरच्या पुढे गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.
- तहान लागते म्हणून नुसते पाणी पीत राहू नका. मीठ नसलेले पाणी जास्त प्यायल्याने पिशवीतून आणखी पाणी जाते आणि रक्तातील सोडियम उतरते. त्यातील बराच वाटा ओआरएसचा असू द्या. किती घ्यायचे ते डॉक्टर ठरवतील.
- ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात विरघळवा. ग्लासभर पाण्यात अर्धे पाकीट असा अंदाज नको. दुकानातील गोड पेये ओआरएसची जागा घेत नाहीत.
- भाताची पेज, मऊ भात, साबुदाणा आणि आपली केळी यांनी बाहेर पडणारा मळ घट्ट व्हायला मदत होते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळीतील पोटॅशियममुळे आधी विचारून घ्या. झणझणीत शेवभाजीला काही दिवस सुट्टी द्या.
- लघवी कमी आणि गडद पिवळी होणे, जीभ कोरडी पडणे, पायात गोळे येणे या खुणांकडे लक्ष ठेवा. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या.
- बीपीची, लघवी वाढवणारी आणि मधुमेहाची औषधे पूर्वीच्याच मात्रेत चालू असतील तर ती पुन्हा तपासून घ्या. वजन आणि जेवण घटल्यावर जुनी मात्रा जास्त होऊ शकते. मात्र स्वतःहून बंद करू नका. घाम, थरथर आणि चक्कर एकत्र आली तर आधी साखर तपासा.

कूस बदलताना घर फिरते?

आतल्या कानात कॅल्शियमचे अतिसूक्ष्म खडे असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेले की डोके हलवताना गरगरते. हे गरगरणे साधारण मिनिटाच्या आत थांबते आणि पुन्हा त्याच हालचालीने येते. बरेच दिवस अंथरुणात पडून राहिल्यावर ही तक्रार उद्भवू शकते, म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ती लक्षात ठेवावी.

याला गोळ्या लागत नाहीत. डॉक्टर डोके विशिष्ट क्रमाने वळवून ते खडे जागेवर आणतात. अमेरिकेचे डॉ. जॉन एपली यांनी शोधलेली ही पद्धत काही मिनिटांची असते आणि पुष्कळदा एक-दोन वेळेतच आराम पडतो. पोटाची जखम ताजी असेल तर घरी व्हिडिओ पाहून करू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून करून घ्या आणि ऑपरेशन कधी झाले ते सांगा.

केमोनंतर पाय “कापसावर पडतात”

गाठ लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचली असेल, म्हणजे तिसरा टप्पा असेल, तर शस्त्रक्रियेनंतर बहुधा केमोथेरपी देतात. त्यातील ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध नसांना इजा करते. सुरुवातीला थंड वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात, थंड पाण्याने घशात विचित्र आवळल्यासारखे वाटते. त्या दिवसांत फ्रीजचे पाणी, बर्फ, आईस्क्रीम टाळा. पुढे हातापायांत बधिरपणा येतो. चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, सदऱ्याचे बटण लागत नाही.

औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने हा त्रास वाढू शकतो, मग हळूहळू कमी होतो. घाबरू नका, पण लपवूही नका. “केमो बंद करतील” या भीतीने पुष्कळ रुग्ण मुंग्यांबद्दल बोलत नाहीत. प्रत्यक्षात डॉक्टर ऑक्सॅलिप्लॅटिनची मात्रा कमी करू शकतात किंवा तेवढेच औषध थांबवून बाकीचे चालू ठेवू शकतात.

2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात तिसऱ्या टप्प्याच्या 12,834 रुग्णांत तीन महिने आणि सहा महिने केमोची तुलना झाली. दैनंदिन कामात जाणवणारा किंवा त्याहून जास्त नसांचा त्रास सहा महिन्यांच्या गटात जवळपास 45 ते 48 टक्क्यांना, तर तीन महिन्यांच्या गटात 14 ते 17 टक्क्यांना झाला. कमी धोक्याच्या रुग्णांत, विशेषतः कॅपेसिटाबीन गोळ्यांसोबत ऑक्सॅलिप्लॅटिन देताना, तीन महिने पुरेसे ठरले. जास्त धोक्याच्या गटात सहा महिन्यांचा विचार होतो. तुम्ही कोणत्या गटात आहात, हा प्रश्न केमो सुरू होण्यापूर्वी विचारा.

हा त्रास किरकोळ का नाही? अमेरिकेत कर्करोगातून बऱ्या झालेल्या 512 स्त्रियांच्या अभ्यासात, उपचारांना सरासरी सहा वर्षे होऊनही 47 टक्क्यांना नसांची लक्षणे होती आणि त्यांचा पडण्याचा धोका इतरांच्या 1.8 पट होता. बधिरपणावर खात्रीचे औषध नाही. वेदना होत असतील तर ड्युलॉक्सेटिनचा उपयोग होतो. तोलासाठी मात्र व्यायाम हाच मुख्य उपाय आहे.

ही तीन कारणे सुटतात

*जीवनसत्त्व बी-12.* हे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. उजव्या बाजूचे मोठे आतडे काढताना त्यातील काही भागही काढतात. शाकाहार आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन हे दोन्ही जोडीला असतील तर कमतरता सहज होते. तिनेही पाय बधिर होतात आणि अंधारात झोक जातो. केमोला दोष देण्यापूर्वी ही तपासणी करा, कारण ही कमतरता भरून काढता येते.

*काही प्रतिजैविके.* पोटातील जंतुसंसर्गासाठी कधी कधी जेंटामायसिन किंवा अमिकासिन द्यावे लागते. जीव वाचवणारी ही औषधे क्वचित आतल्या कानाला इजा करतात. चालताना समोरचे दृश्य हलते, अंधारात उभे राहता येत नाही किंवा ऐकू कमी येते. भरती असताना असे वाटले तर लगेच सांगा.

*चक्करचीच गोळी.* प्रोक्लोरपेराझिन किंवा मेटोक्लोप्रमाइड दीर्घकाळ घेतल्याने वृद्धांचे हातपाय ताठरतात आणि चाल बिघडते. ट्रॅमाडॉल, प्रीगॅबालिन, झोपेच्या गोळ्या यांनीही झोक जातो. सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा आणि “यातली कोणती कमी करता येईल?” असे विचारा.

घर आणि व्यायाम

- खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा ठेवा. लाईट जाते त्या भागात चार्जिंगची बॅटरी उशाशी हवी.
- मोरीत आणि संडासात भिंतीला दांडा बसवा, शेवाळ काढा. भारतीय संडासातून उठताना त्रास होत असेल तर कमोड-खुर्ची घ्या.
- मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट वापरा. बधिर पायांनी शेतात अनवाणी जाऊ नका. रोज रात्री तळपाय पाहा.
- डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, पाय जोडून उभे राहणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे राहणे असे रोज दहा मिनिटे करा. जवळ कोणीतरी असावे.
- सर्जन सांगतील तोपर्यंत, साधारण सहा आठवडे, पाण्याची हंडी, धान्याचे पोते उचलू नका.

तोल सांभाळण्याचा फायदा फक्त हाड न मोडण्यापुरता नाही. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण झालेल्या 889 आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला, इतरांना फक्त माहितीपुस्तिका दिली. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटात 90 टक्के, तर दुसऱ्या गटात 83 टक्के रुग्ण हयात होते. बहुतेकांचा व्यायाम म्हणजे झपाझप चालणे. चक्करच्या भीतीने जो माणूस घरात बसून राहतो, त्याच्या हातून हाच फायदा निसटतो.

लगेच रुग्णालयात कधी जावे?

- चक्करसोबत दम लागणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा एक पाय सुजणे: फुप्फुसात गुठळी गेलेली असू शकते.
- ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ताप, वाढती पोटदुखी, वेगवान नाडी: आतड्याचा सांधा गळत असू शकतो.
- तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, हातापायातील शक्ती जाणे, एकाएकी दोन-दोन दिसणे: पक्षाघात. पहिले साडेचार तास मोलाचे.
- शौचातून किंवा स्टोमातून बरेच रक्त जाणे, डांबरासारखी शौच.
- सहा-आठ तास लघवी न होणे, गुंगी, असंबद्ध बोलणे.
- डोक्यावर पडणे, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना.

मुंबईला ऑपरेशन, चक्कर गावाकडे

खान्देशातील अनेक रुग्ण शस्त्रक्रियेसाठी परळच्या टाटा मेमोरियलला जातात. जळगावहून ते अंतर सुमारे 400 किलोमीटर आहे. प्रत्येक चक्करसाठी तिथे जाण्याची गरज नसते आणि पुढच्या तारखेपर्यंत थांबणेही बरोबर नाही. उभे राहून बीपी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, सोडियम, साखर या तपासण्या जवळच होतात. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत मेडिसिन, सर्जरी आणि कान-नाक-घसा हे विभाग एकाच ठिकाणी आहेत. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रांकडे रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन चौकशी करा.

जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: ऑपरेशनची तारीख आणि कोणता भाग काढला, स्टोमा असल्यास रोज किती मिलिलिटर, केमोचे किती डोस झाले, चालू असलेली सर्व औषधे, आणि चक्कर म्हणजे अंधारी, गरगरणे की तोल जाणे, ती नेमकी कधी येते. एवढा कागद हाती असेल तर तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टरही पहिल्याच भेटीत योग्य दिशेने तपासणी सुरू करू शकतो.

*हा लेख माहितीसाठी आहे. औषधांची मात्रा आणि उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.*